निंबावर टांगलेलं माझं जाळं

रांगोळीनं काढलेला नकाशा चुकला होता. हे सांगायला शिक्षण लागत नाही. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. गुरुजींनी हातावर छडी मारली, मी पाटी तापीत सोडून दिली आणि बापाच्या नावेत जाऊन बसलो. तेव्हापासून आजपर्यंत पोट पाण्यावरच भरलं. या अंकवाल्यांनी लिहा म्हटलं म्हणून लिहितो आहे. माझी मुलगी मीना हिनं काने-मात्रे दुरुस्त केलेत. मजकुराला मी तिला हात लावू दिला नाही.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, तापीच्या काठावर. पलीकडे चोपड्याच्या केळी. आम्ही भोई, पंधरा-सोळा घरं. बाकी गाव शेतकऱ्यांचं. पूर्वी नदी वाहती होती. मग खाली बंधारा झाला, दारं बसली, आणि आमच्या गावापर्यंत पाणी तुंबलं. त्याला फुगवटा म्हणतात. शहरातल्या माणसाला वाटतं, पाणी वाढलं म्हणजे मासा वाढला. तसं नसतं. माशाला नुसतं पाणी पुरत नाही, त्याला बाळंतपणाची जागा लागते.

ती जागा कुठली, हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मृग लागला, नाल्याला गढूळ पाणी आलं, की रोहू, कटला, मृगळ, सगळे मोठे मासे फुगवटा सोडून नाल्यात वर चढतात. उथळ पाण्यात, बुडालेल्या गवतात अंडी सोडतात. पिल्लं तिथंच बोटाएवढी होतात आणि पोळ्याच्या सुमाराला पाण्याबरोबर खाली उतरतात. म्हणजे वर्षभराचं सगळं पीक एका नाल्याच्या तोंडातून आत जातं आणि त्याच तोंडातून बाहेर येतं. आमच्या नाल्याचं तोंड केवढं? दोन बैलगाड्या शेजारी उभ्या राहतील, एवढं.

आणि त्या तोंडाशी सगळं गाव टपलेलं. कुणी मच्छरदाणी धरायचं, कुणी जुनं लुगडं, कुणी खाट उलटी करून लावायचं. चढणीचा मासा अंध असतो. त्याला पोटातल्या अंड्यांचीच घाई. हातानंसुद्धा धरता येतो. वर शेतकरी नाल्याला मातीचा आडवा बांध घालायचे, मोटारीला पाणी राहावं म्हणून. म्हणजे जो मच्छरदाणीतून सुटला तो बांधाला थडकायचा. आणि त्यातूनही जो उरला त्याला आम्ही भोई फुगवट्यात गाठायचो.

खोटं कशाला बोलू, बारीक घरांचं जाळं आमच्या गावात पहिल्यांदा मीच आणलं. माझ्या बापाच्या जाळ्याच्या घरातून तीन बोटं आरपार जायची. मी आणलं त्यात करंगळीही शिरत नव्हती. पहिल्या वर्षी टोपल्याच्या टोपल्या भरल्या. लोक म्हणाले, देवराम हुशार. मीही म्हणालो, देवराम हुशार. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी तसलंच घेतलं. पाचव्या-सहाव्या वर्षी दिवसभर ओढून दोन किलो चिलापी मिळू लागली, तळहाताएवढी.

मला अक्कल आली ती अमळनेरच्या एका दुकानात. तिथे एक शेठजी दोर, सुतळी, मोटारीचं सामान विकायचे. जैन माणूस, मासळीचा वास आला तरी नाकाला उपरणं लावायचे. पण कुठल्या जाळ्याला कितव्या नंबरचा दोरा, हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. मी दोऱ्याचा तागा मागितला की काउंटरवर ठेवायचे आणि दोन पावलं मागे सरकायचे. एकदा म्हणाले,
"आबा, दोन वर्षं झाली, दोरा घ्यायला आला नाहीत."
मी म्हणालो, "जाळी फाटतच नाहीत शेठजी. मजबूत निघाली."
ते हसले. म्हणाले, "जाळी मजबूत नाहीत. जाळं फाटायलासुद्धा मोठा मासा लागतो."

जो जन्मात माशाला शिवला नाही, त्यानं मला हे सांगावं! मी रागानं काही न घेताच बाहेर पडलो. बसमध्ये बसल्यावर कळलं की माणूस खरं बोलला. तोवर आमची सहा घरं बंद पडली होती. माणसं पहाटे उठून चोपड्याकडे केळीच्या गाड्या भरायला जायची. खांद्यावर घड आणि अंगावर केळीचे चिकट डाग. ते डाग धुतल्यानं जात नाहीत. मी मनाशी ठरवलं होतं, उपाशी राहीन, पण केळीच्या गाडीवर जाणार नाही. भोयानं पाणी सोडलं की तो कुणाचाच राहत नाही.

त्याच सुमाराला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर धुळ्याहून एका संस्थेच्या मॅडम आल्या. वय असेल तिशीचं, पायात चप्पल झिजलेली, ते मला आवडलं. म्हणाल्या, समुद्रकाठची गावं स्वतः बसून ठरवतात, कुठे कधी मासे धरायचे, कुठे नाही. काठ सगळ्यांचा, तर नियमही सगळ्यांनी करायचा. आपणही करू या. त्यांनी चावडीपुढे निंबाखाली सगळं गाव बसवलं आणि बायकांच्या हातात रांगोळी दिली. म्हणाल्या, तुमचं गाव काढा. बायकांनी घरं काढली, देऊळ काढलं, शेतं काढली. निळ्या रांगोळीनं फुगवटा काढला आणि त्याला एक रेघ मारली. हा काठ.

मी म्हणालो, "चुकलं."
मॅडम म्हणाल्या, "काय चुकलं आबा?"
"हा पोळ्याचा काठ आहे. दिवाळीचा कुठे आहे? आखाजीचा कुठे आहे?"

लोक हसले. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी रांगोळीचा डबा माझ्या हातात दिला. मग मी जन्मात पहिल्यांदा रांगोळी काढली. पोळ्याला पाणी असतं देवळाच्या पायरीपर्यंत, ती एक रेघ. दिवाळीला उतरतं बाभळीपर्यंत, ती दुसरी. आखाजीला पार खाली खडकापर्यंत, ती तिसरी. रेघा वाकड्या आल्या, पण जागा बरोबर होत्या. तीन रेघांच्या मधली जी जमीन, तीच सगळ्या भांडणाची. पाणी ओसरलं की तिथे शेतकरी हरभरा, टरबूज लावतात. गाळपेर म्हणतात त्याला. पाणी चढलं की तिथेच मासा येतो. आम्ही म्हणायचो जागा आमची, ते म्हणायचे जागा त्यांची.

हिलाल नाना म्हणून गावचा मोठा शेतकरी, त्याची गाळपेर सगळ्यांत मोठी, आणि नाल्यातला बांधही त्याचाच. तो रेघांकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे जमीन एकच. सहा महिने माशाची अन् सहा महिने हरभऱ्याची."
मी म्हणालो, "एवढं कळायला तुला माझी रांगोळी लागली?"
तो म्हणाला, "तुला सांगायला एवढी वर्षं लागली, ते बोल."

चार दिवस बसलो आम्ही. भांडणं झाली, एकदा मी उठून घरी गेलो, एकदा नाना गेला. आमची म्हातारी अक्का, नव्वदीची, ती एकटी जागची हलली नाही. शेवटी ठरलं ते असं. मृगापासून पोळ्यापर्यंत नाल्याच्या तोंडाशी कुणीही मासा धरायचा नाही, भोयानं नाही अन् शेतकऱ्यानंही नाही. नाना बांधाला मधे मोकळं दार ठेवील. मोटारीच्या खालच्या तोंडाला, ज्याला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात, त्याला बांबूची टोपली घालायची, म्हणजे पिल्लं ओढली जाणार नाहीत. बारीक जाळी बंद. पाणी उतरलं की आम्ही गाळपेरीतून नावा ओढायच्या नाहीत, रोपं तुडवायची नाहीत.

दंडाला पैसा नको, असं मी म्हणालो. पैसेवाल्याला पैशाचं काय? जो मोडेल त्याचं जाळं दसऱ्यापर्यंत चावडीच्या निंबावर टांगायचं. शेतकरी असेल तर त्याच्या मोटारीची पेटी, म्हणजे स्टार्टर, टांगायची. ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला दिसली पाहिजे. आणि राखणीला आम्ही चौघे जण, पाळीपाळीनं. ताठा बघा माझा, मीच वर बोललो, "राखणदारानं मोडलं तर दसरा नाही, दिवाळी."

पहिल्या वर्षी नियम पाळला गेला, पण कसाबसा. दुसऱ्या वर्षी मासा चढला तो पुष्कळ चढला. लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं. "आबा, एकच धरतो." "आबा, पाहुणे आलेत." मी काठी आपटून सगळ्यांना हाकललं. माझ्या सख्ख्या साडूला हाकललं. तो अजून माझ्याकडे जेवत नाही.

आणि त्याच आषाढात माझी मीना बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण, मुलगी झाली. आमच्या घराण्यात रीत आहे, बाळंतिणीच्या पाचवीला तिच्या बापानं स्वतःच्या हातानं धरलेला चढणीचा मासा तिला घालायचा. दूध चांगलं येतं म्हणतात. माझ्या आज्यानं घातला, बापानं घातला. ज्या बापानं घातला नाही, तो कसला भोई? ठगूबाई, म्हणजे माझी बायको, तोंडानं काही बोलली नाही. नुसती विळी धुऊन ठेवली. मी ती विळी पाहिली.

दुपारची राखण माझीच होती. गाव जेवत होतं, नाल्याला चिटपाखरू नव्हतं. मी मनाला समजावलं, नियम हावरटासाठी असतो, बाळंतिणीसाठी नसतो. एकदाच फेकलं जाळं. हात अजून जातो तसाच, थाळीसारखं गोल उघडलं. एक रोहू आली, तीन-साडेतीन किलोची. उपरण्यात गुंडाळून मी मागच्या वाटेनं घरी आलो.

ठगूबाईनं पोट चिरलं आणि हात थांबवला. आत अंडीच अंडी. मोहरीसारखी, पिवळसर, दोन ओंजळी तरी असतील. सभेत मी हेच सांगितलं होतं, हात पसरून. एक पोट फाडलं म्हणजे एक नाव भरून मासा मारला.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सभामा तुम्ही काय सांगेल व्हतं?"
मी मासा उचलून फेकायला हात पुढे केला.
"मासा मरी गया. आते फेकानं पाप नको. पोर खाई. पोरले पची." मग वर बघून म्हणाली, "तुमले पची का?"

मीनानं खाल्लं. तिला काय ठाऊक. मी जेवलो नाही, पोट बिघडलं म्हणून सांगितलं. दोन दिवस मी राखणीला गेलो, काठीही आपटली, पण पहिल्यासारखी नाही. सांगावं असं दर घटकेला वाटायचं. पण ज्या माणसानं आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही, त्याला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या दुसऱ्या राखणदारानं हिलाल नानाच्या पुतण्याला मच्छरदाणीसकट धरलं. निंबाखाली गाव जमलं. मॅडमही त्या दिवशी नेमक्या आलेल्या. पुतण्याची शेती नानाच्याच मोटारीवर, म्हणून नियमाप्रमाणे नानाच्या मोटारीची पेटी टांगायची होती. नानाचं ऊस-केळीचं पाणी त्या पेटीवर. तो लाल झाला होता.

"टांगा ना," तो ओरडला. "आमची पेटी टांगा. भोई नियम करतस आनि भोईच खातस. कोन देखस?"

त्याला काही माहीत नव्हतं. रागात माणूस बोलतो तसा बोलला. आमची पोरं उसळली. "पुरावा दे नाना!" "आबांच्या राखणीत मुंगी जात नाही!" सगळे माझ्याकडे बघू लागले. मी फक्त "खोटं आहे" एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. नाना खाली बसला असता, पेटी वर गेली असती, माझी मान ताठ राहिली असती.

मॅडमच्या हातात त्यांनी नकलून घेतलेला कागद होता, माझ्या तीन वाकड्या रेघांचा. त्याच्यावर माझी नजर गेली. मी उठलो आणि चालू लागलो. मागून कुणीतरी म्हणालं, "आबा रुसले." मी घरी गेलो, खुंटीवरचं जाळं काढलं. ते माझ्या हातानं विणलेलं, तीन बोटं जातील अशा घरांचं, दोन हिवाळे लागले होते त्याला. खांद्यावर टाकून परत आलो आणि म्हणालो, "शिडी आणा."

कुणाला काही कळेना. मी म्हणालो, "पाचवीचा मासा धरला मी. माझ्याच राखणीत. पोटात अंडी होती. नाना खरं बोलला."

आमच्या पोरांनी माना खाली घातल्या. साडू माझ्याकडे बघत होता, त्याची नजर मी अजून विसरलो नाही. मग अक्का बोलली. "बाळंतिनले खावाडं ना? मंग जाऊ द्या." दोन-चार जणांनी "हो, हो, जाऊ द्या" म्हटलं.

तेव्हा मात्र मी चिडलो. "जाऊ द्या कसं? माझं गेलं तर उद्या प्रत्येकाच्या घरी बाळंतीण निघेल. राखणदाराला दिवाळी. मीच बोललोय ते." आणि शिडी लावून स्वतः वर चढलो. उतरलो तेव्हा बघतो तर हिलाल नाना गेलेला. मला वाटलं, हसत गेला असेल. थोड्या वेळानं तो परत आला तो मोटारीची पेटी डोक्यावर घेऊन. माझ्या जाळ्याशेजारच्या फांदीला त्यानं ती स्वतःच्या हातानं बांधली. बांधताना मला म्हणाला, "तू लई अडेल माणूस आहेस."
मी म्हणालो, "तुझ्याइतका नाही."

पोळा झाला. पुराचा जोर ओसरून इतरांच्या नावा पाण्यात गेल्या, माझी उलटी पडून राहिली. भोई दुसऱ्याचं जाळं मागत नाही. आणि घरी तर खाणारी तोंडं होती, त्यात एक नवीन. मग मी गेलो, जिथे जायचं नाही म्हणत होतो तिथेच. केळीच्या गाडीवर. घड उचलणं माझ्याच्यानं होईना, म्हणून मला ट्रकमध्ये पानं अंथरायला ठेवलं. घडाला घड घासू नये म्हणून मधे पानं घालतात. तेही काम मी नीट केलं. मुकादम म्हणायचा, आबाची गाडी दिल्लीपर्यंत काळी पडत नाही. पण अंगाला डाग पडले ते पडले. संध्याकाळी पुलावरून येताना खाली आमच्या पोरांच्या नावा दिसायच्या. मी बसमध्ये दुसऱ्या बाजूला बसायचो.

तरी कान असतातच. ऐकू यायचं, रोहू निघाली हातभर. ऐकू यायचं, फलाण्याचं जाळं फाटलं. बंद पडलेल्या सहापैकी दोन घरं केळी सोडून परत नदीवर आली. आणि एक गोष्ट माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्या साली निंबावर तिसरं काही टांगलं गेलं नाही. गावातून जाणारा प्रत्येक माणूस वर बघायचा. श्रावणात कानबाईच्या सणाला आलेल्या लेकीबाळी विचारायच्या, हे कुणाचं? गाव सांगायचं, आबाचं. मला लाज वाटायची. पण सांगणाऱ्याच्या बोलण्यात तिसऱ्या महिन्यापासून काहीतरी बदललं होतं. "राखणदाराचं आहे," असं ते म्हणायचे, जरा मान वर करून.

दिवाळीच्या पाडव्याला मी जाळं काढायला गेलो तर शिडी आधीच लावलेली. वर हिलाल नाना. त्याची स्वतःची पेटी दसऱ्यालाच उतरली होती. त्यानं जाळं खाली सोडलं. पावसानं कुजलेली पानं अडकलेली, खारींनी दोन जागी कुरतडलेलं. मी तिथेच ओट्यावर दुरुस्तीला बसलो. जाळं विणताना समोरून कुणीतरी ताणून धरावं लागतं. नाना समोर बसला आणि दोन्ही मुठींत धरलं. माळ घातलेला माणूस, घरात कांदासुद्धा शिजत नाही. म्हणालो, "वास येईल हाताला." तो म्हणाला, "विण ना मग लवकर, बडबड कमी कर."

दोरा कमी पडला म्हणून अमळनेरला गेलो. शेठजींनी न विचारता दोन तागे पुढे ठेवले. "तुमच्या गावाचे सात जण येऊन गेले या महिन्यात," म्हणाले. बस, एवढंच. पण त्या दिवशी ते मागे सरकले नाहीत.

आमच्याकडे अजून सगळं नीट नाही. खालच्या गावाचे लोक बारीक जाळी टाकतात, बंधाऱ्याची दारं कधी उघडतील हे आम्हाला कुणी सांगत नाही, आणि मी आणलेल्या त्या जाळ्यानं जी वाम आणि मरळ संपली, ती परत आली नाही. ते माझ्या नावावर आहे. त्याला निंबाची फांदी पुरत नाही. पण यंदा खालच्या गावाचे चौघे आले होते, रेघांचा कागद बघायला. मी म्हणालो, कागद घेऊन काय करता, तुमचा आखाजीचा काठ कुठे आहे ते आधी दाखवा. एकालाही सांगता येईना. पुढच्या आखाजीला जाणार आहे मी तिकडे, रांगोळीचा डबा घेऊन.

यंदाच्या मृगात नाला गढूळला तेव्हा मीना नातीला कडेवर घेऊन काठावर आली. नात आता चालते. पाचवीच्या माशाचं मी तिला नंतर सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "आबा, मला सुकी मेथीसुद्धा चालली असती." या वर्षी आमच्या गल्लीत दोन बाळंतिणी आहेत. त्यांच्या बापांनी पाचवीचा मासा पोळ्यानंतर घालायचं ठरवलंय. रीत मोडली नाही, पुढे सरकली, काठासारखी.

सगळं गाव आलं होतं बघायला. नाल्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, बायका, म्हातारी अक्का खाटेवर. मासा चढू लागला. पाणी एवढं उथळ की पाठी उघड्या पडल्या, तांबूस, चकचकीत, एकामागे एक, एकमेकांना ढुशा देत. नानाच्या बांधाच्या दारातून घुसले आणि वर गेले. इतकी माणसं जमली होती, पण एकाच्याही हातात काही नव्हतं. मच्छरदाणी नाही, लुगडं नाही, काठीसुद्धा नाही. मीही काठी घरी ठेवून गेलो होतो.

हिलाल नाना माझ्या शेजारी उभा होता. एक मोठी रोहू आमच्या पायांपासून हातभर अंतरावरून गेली. पोट टच्च.

नाना हळूच म्हणाला, "आबा, देखी का?"
"देखी."
"तोंडले पानी सुटनं ना?"
मी म्हणालो, "सुटनं."